एका खोलीपासून ताटापर्यंत : राष्ट्रीय पोषण संस्थेची वाटचाल

हैदराबादेत तार्नाक्याला, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या छत्राखालची ही जुनी संस्था. जाणकार तिला एनआयएन म्हणतात. बाकीच्यांनी तिचे नाव ऐकलेले नसले, तरी तिचे काम वापरलेले असते. बाजरीत लोह किती, तुरीच्या डाळीत प्रथिने किती, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत उष्मांक किती, हे आकडे शाळेच्या पुस्तकातून, दवाखान्यातल्या तक्त्यातून आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीतून आपल्यापर्यंत येतात. त्यांतले बरेचसे मुळात याच संस्थेच्या कोष्टकांतून उचललेले असतात.

शंभरी ओलांडलेल्या संस्थेचा इतिहास लिहायचा तर संचालकांची यादी आणि इमारतींच्या कोनशिला एवढ्यावरही भागते. या लेखात मात्र एकाच प्रश्नाचा माग काढला आहे. प्रयोगशाळेत कळलेली गोष्ट माणसाच्या ताटात उतरायला किती वेळ लागतो? आणि त्या पंगतीत म्हाताऱ्या माणसाचे पान कितव्या क्रमांकावर मांडले जाते?

कुन्नूरची खोली

संस्थेचा जन्म हैदराबादचा नाही. १९१८ साली निलगिरीच्या डोंगरातल्या कुन्नूर गावी, पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एका खोलीत, बेरीबेरी या रोगाची चौकशी सुरू झाली. चौकशी करणारे होते रॉबर्ट मॅकॅरिसन. ते मूळचे आयर्लंडचे, भारतीय वैद्यकीय सेवेतले डॉक्टर. त्याआधी गिलगिटमध्ये त्यांनी गलगंडाचा अभ्यास केला होता. तिथल्या गढूळ पाण्याचा गाळ स्वतः पिऊन पाहण्यापर्यंत त्यांची जिद्द गेली होती.

बेरीबेरीत पाय सुजतात किंवा लुळे पडतात, हृदय कमकुवत होते आणि रोगी दगावतोही. गिरणीत सडून पांढराशुभ्र केलेला तांदूळ हेच ज्यांचे जेवण, त्यांच्यात हा रोग दिसे. तांदळाचा कोंडा काढून टाकला की त्याबरोबर ब१ जीवनसत्त्वही जाते. हे जीवनसत्त्व अजून शुद्ध रूपात कोणी वेगळे केलेले नव्हते, पण कोंड्यात काहीतरी आहे एवढे त्या काळीही कळून चुकले होते. म्हणजे रोगावरचा उपाय गिरणीच्या मागच्या बाजूला पडलेला होता, गुरे तो खात होती. माणसांना मात्र पांढरा भात हवा होता. पांढरा भात म्हणजे प्रतिष्ठा. या संस्थेपुढची खरी अडचण पहिल्याच दिवशी दिसली होती, ती अशी.

ही चौकशी सरकारला फार दिवस परवडली नाही. १९२३ मध्ये काटकसरीसाठी नेमलेल्या इंचकेप समितीची कुऱ्हाड तिच्यावर पडली आणि काम बंद झाले. १९२५ साली ते पुन्हा सुरू झाले, ‘त्रुटीजन्य रोगांची चौकशी’ या अधिक व्यापक नावाने. दशक संपायच्या आत त्याचे ‘न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज’ झाले. याच सुमारास मॅकॅरिसन यांनी शाळा, महाविद्यालये, कल्याणकेंद्रे आणि बालवीरांची पथके यांच्यासाठी अन्नाविषयी एक छोटे प्राथमिक पुस्तक लिहिले. शोधनिबंध लिहिणाऱ्या माणसाला बालवीरांसाठीही लिहावेसे वाटले, ही या संस्थेतल्या लोकशिक्षणाची सुरुवात मानायला हरकत नाही.

पन्नाशीत थांबलेला प्रयोग

मॅकॅरिसन यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग उंदरांवरचा. हिंदुस्थानातल्या सात प्रकारच्या लोकांचा रोजचा आहार त्यांनी उंदरांच्या सात गटांना खाऊ घातला आणि वाढीची तुलना केली. पहिला आला शीख आहार : कोंड्यासकट गव्हाची पोळी, तूप, दूध, ताक, डाळ, कच्च्या भाज्या, अधूनमधून मांस. दुसरा पठाणी आणि तिसरा मराठा. तळाला मद्रासी आहार, म्हणजे धुऊन शिजवलेला सडीक तांदूळ आणि बाकी फारसे काही नाही.

आज हे वाचताना ‘मराठा तिसरा’ याचा अभिमान बाळगण्यापूर्वी थांबावे. शीख, पठाण, मराठा, गुरखा ही विभागणी त्या काळच्या सैन्यभरतीच्या डोक्यातून आलेली होती. आहार जातीचा किंवा प्रांताचा असतो, त्याहून जास्त तो खिशाचा असतो. ताक आणि तूप ज्याच्या घरी होते तो मद्रासी मनुष्यही धडधाकट होता आणि ज्याच्या घरी नव्हते तो मराठाही अशक्तच. पण आहार बदलला की शरीर बदलते, हे या प्रयोगाने इतके ढळढळीत दाखवले की पुढची अनेक वर्षे त्याचा हवाला दिला जात राहिला.

या प्रयोगशाळेतल्या उंदरांची वसाहत चांगल्या आहारावर पोसलेली होती आणि तिच्यात आजार जवळपास नव्हता, असे मॅकॅरिसन यांनी नोंदवले आहे. हे निरीक्षण उंदरांच्या साधारण दोन वर्षांच्या वयापर्यंतचे. माणसाच्या हिशेबाने ती पन्नाशी झाली. पन्नाशीनंतर काय होते, हे पाहायचे कोणाच्या मनातही नव्हते. त्या काळच्या भारतात जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान तिशीही गाठत नव्हते, तेव्हा तो दोष कोणाला देता येणार नाही. पण म्हातारपण निरीक्षणाबाहेर राहिले ते इथपासून.

तेविसावी पुस्तिका आणि उकडा तांदूळ

१९३५ मध्ये मॅकॅरिसन निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी डब्ल्यू. आर. आयक्रॉइड आले. आयक्रॉइड यांचे डोके कोष्टकांचे होते. भारतीय धान्ये, डाळी, भाज्या, फळे, मासे यांचे एकेक करून पृथक्करण झाले आणि १९३७ साली ‘हेल्थ बुलेटिन क्रमांक २३’ निघाले. कशात काय आहे आणि त्यातून पुरेसा आहार कसा आखायचा, या दोन्ही गोष्टी त्या पातळ पुस्तिकेत होत्या. तिच्या आवृत्त्या निघत राहिल्या. १९७१ मध्ये तिचे पूर्ण नवे रूप आले आणि २०१७ मध्ये देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ खाद्यपदार्थांची, १५१ घटकांची कोष्टके प्रसिद्ध झाली. आजचा कोणताही आहारतज्ज्ञ रुग्णासाठी जेवणाचा तक्ता लिहितो तेव्हा या घराण्यातलेच एखादे पुस्तक त्याच्या टेबलावर असते.

आयक्रॉइड यांचे दुसरे काम कोकणी आणि गोव्याच्या माणसाला जवळचे वाटेल. भात साळीसकट उकडून, वाळवून मग सडला की कोंड्याजवळचे ब१ जीवनसत्त्व दाण्यात आत मुरते आणि सडल्यावरही बरेचसे टिकते. म्हणून आंध्र किनाऱ्यावर, जिथे कच्चा सडीक तांदूळ खात, तिथे बेरीबेरी होता आणि जिथे उकडा खात तिथे तो जवळपास नव्हता. उकड्याची पेज पिणाऱ्या आजीला रसायनशास्त्र माहीत नव्हते. तिच्या पेजेत ते होते. लोकांच्या जुन्या सवयीत शहाणपण कुठे आहे आणि कुठे नाही, हे तपासून सांगणे हेही पोषणशिक्षणच, हा धडा इथे मिळाला.

बंगालच्या दुष्काळानंतर नेमलेल्या चौकशी आयोगावर आयक्रॉइड होते. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या पोषण विभागाचे पहिले संचालक झाले.

पटवर्धन आणि हैदराबादचे बिऱ्हाड

आयक्रॉइड यांच्यानंतर संस्थेची सूत्रे डॉ. व्ही. एन. पटवर्धन या मराठी शास्त्रज्ञाकडे आली. भारतीय माणसाच्या हाती संस्था आली ती त्यांच्या रूपाने. भारतातल्या पोषणाच्या संशोधनाचा सर्वंकष आढावा घेणारे त्यांचे पुस्तक १९५२ साली आले आणि बरीच वर्षे अभ्यासकांच्या हाताशी राहिले.

कुन्नूरची हवा उत्तम होती, पण तिथे रोगी नव्हते. पोषणाचा अभ्यास करायचा तर मोठी रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालय आणि भोवती खेडी हवीत. १९५८ मध्ये संस्था हैदराबादला हलली. डोंगरावरून पठारावर येणे हा नुसता पत्त्यातला बदल नव्हता. संस्था ज्वारीच्या मुलखात आली होती आणि ज्वारीने तिला लगेच कामाला लावले.

गोपालन पर्व

१९६० मध्ये डॉ. सी. गोपालन संचालक झाले. सेलमला त्यांचा जन्म झाला तो २९ नोव्हेंबर १९१८ रोजी, म्हणजे संस्थेच्याच वर्षी. संस्थेचे शतक त्यांनी स्वतःच्या शतकासह पाहिले आणि ३ ऑक्टोबर २०१९ रोजी ते गेले. माणूस आणि संस्था असे बरोबरीने चाललेले क्वचितच पाहायला मिळते.

हैदराबादच्या रुग्णालयांत पेलाग्राचे रोगी येत : मानेवर, हातांवर, उन्हाला उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब आणि मनाचा गोंधळ. जगात हा रोग मका खाणाऱ्यांचा समजला जाई. इथले रोगी ज्वारी खाणारे होते. ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असते आणि त्यामुळे शरीरातल्या नायसिन या जीवनसत्त्वाचा तोल बिघडतो, अशी उपपत्ती गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडली. या उपपत्तीवर पुढे वादही झाले. मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरच्या वाचकाने मात्र भाकरीचा धसका घेऊ नये. भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, दूध-ताक असले की हा रोग होत नाही. तो होता नुसत्या भाकरीवर आणि मिरचीवर दिवस काढणाऱ्या मजुरांना. पुढे जेवणात इतर धान्ये मिसळू लागली आणि पेलाग्रा विरळ झाला.

मुलांच्या कुपोषणाबद्दल त्या काळी जगभर ‘प्रथिनांचा तुटवडा’ हा परवलीचा शब्द होता. महागड्या प्रथिनयुक्त पिठांच्या योजना आखल्या जात होत्या. गोपालन यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्या अर्धपोटी मुलांना रोज असा जोडआहार दिला की ज्यात प्रथिनांची भर नाममात्र होती, उष्मांक मात्र भरपूर. मुलांची उंची आणि वजन वाढले. निष्कर्ष सरळ होता : ही मुले प्रथिनाअभावी नव्हे, जेवणाअभावी खुरटली होती. साताऱ्याजवळच्या बुध गावचे आणि अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक असलेले पां. वा. सुखात्मे आकडेवारीच्या वाटेने याच मुक्कामाला येऊन पोचले होते.

पुढे या दोघांच्या वाटा फुटल्या. शरीर काही मर्यादेपर्यंत कमी उष्मांकांशी जुळवून घेते, तेव्हा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरू नये, असे सुखात्मे म्हणू लागले. गोपालन यांना ते मान्य नव्हते. खुरटलेले शरीर तग धरते याचा अर्थ ते निरोगी आहे असा होत नाही, हे ते शेवटपर्यंत ठासून सांगत राहिले. हा वाद मुलांच्या आणि मजुरांच्या संदर्भात झाला. पण ‘एवढ्यावर भागते’ हे वाक्य आपल्या घरांत सर्वांत जास्त वेळा म्हाताऱ्या माणसांबद्दलच बोलले जाते, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

१९६९ मध्ये, सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, संस्थेला आजचे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी लहान मुलांना अंधत्वापासून वाचवण्यासाठी दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा दोन लाख युनिटचा मोठा डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याचा पाया या संस्थेने घातला होता. लोह घातलेले मीठ इथेच तयार झाले. भाजलेले गहू ४० ग्रॅम, हरभरा १६, शेंगदाणे १० आणि गूळ २० असे ८६ ग्रॅमचे ‘हैदराबाद मिक्स’ही इथलेच. त्यात सुमारे ३३० उष्मांक आणि ११ ग्रॅम प्रथिने मिळतात. ज्या घरात मुलांसाठी सत्त्व दळले जाते त्या घराला यात नवे काही वाटणार नाही. नवे होते ते मोजमाप.

१९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन माणसे दगावली, तेव्हा त्यामागचे अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष ओळखण्यात संस्थेचे शास्त्रज्ञ होते. अफ्लाटॉक्सिनवर आयुष्य घालवलेले डॉ. पी. जी. तुळपुळे हे मराठी शास्त्रज्ञही पुढे संस्थेचे संचालक झाले.

वाट्या घेऊन फिरणारी माणसे

१९७२ मध्ये राष्ट्रीय पोषण संनियंत्रण विभाग उभा राहिला. महाराष्ट्रासह दहा राज्यांत त्याची पथके फिरत. संस्थेच्या इतिहासात हे काम फार झगमगीत नाही, पण मोलाचे आहे. पथकातली माणसे मापाच्या वाट्यांचा संच घेऊन घरात जात. काल सकाळपासून चुलीवर काय काय चढले, कच्चे धान्य किती घेतले, शिजून किती झाले, त्यातले कोणाच्या पानात किती वाट्या पडले, हे घरच्या बाईला विचारून लिहून घेत.

जिने रांधले आणि वाढले तिच्याकडूनच हे सारे कळणार. आणि या नोंदींतून आपल्या कुटुंबव्यवस्थेचे एक असे चित्र उमटते जे समाजशास्त्राच्या पुस्तकातही सहज सापडत नाही. घरात पुरेसे शिजते, तरी सर्वांच्या पानात पुरेसे पडतेच असे नाही. म्हणून सरासरी काढताना घर हा हिशेबाचा शेवट मानून चालत नाही. पानागणिक मोजावे लागते.

याच आकडेवारीतून संस्थेतल्या संशोधकांनी साठीपुढच्या ग्रामीण माणसांचा वेगळा हिशेब मांडला, तेव्हा दिसले की जवळपास निम्मे स्त्रीपुरुष उंचीच्या मानाने फार कमी वजनाचे आहेत. त्यांच्या शरीराचा वस्तुमान निर्देशांक १८.५ च्या खाली होता. कुपोषण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फुगलेल्या पोटाचे मूल येते. कुडाला टेकून बसलेला आजोबा येत नाही. तो कुपोषित दिसतच नाही, नुसता म्हातारा दिसतो. हा विभाग २०१५ मध्ये बंद झाला. त्याच्या चाळीस वर्षांच्या वह्या आजही वापरल्या जातात.

सांगणे आणि पटणे

कळलेले लोकांपर्यंत नेण्यासाठी संस्थेत विस्तार आणि प्रशिक्षण विभाग आहे. डॉक्टर, परिचारिका, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका इथे शिकून जातात. तेलुगू वाचकांसाठी ‘पोषण’ नावाचे नियतकालिक निघते, पोषणाचे संग्रहालय आहे, अलीकडे मोबाइलवरचे ॲपही आले. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा पोषण आणि आरोग्याचे शिक्षण हा तिचा एक भाग होता. १९८२ पासून १ ते ७ सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण सप्ताह पाळला जातो.

तरी एक गोष्ट पोषणशिक्षणाच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा आढळते. शिकवल्याने माहिती वाढते, पण खाणे तितक्या सहजी बदलत नाही. पालेभाजी खावी हे सभेत सर्वांना पाठ असते. घरी गेल्यावर भाजी निवडायला वेळ कोणाला आहे, बाजारात जुडी किती रुपयांना आहे, घरच्या कर्त्या माणसाला ती आवडते का, यावर ताट ठरते. म्हणून ज्या शिक्षणात स्वयंपाक करणारी, पैसे देणारी आणि जेवणारी अशी तिन्ही माणसे एकत्र बसतात, जिथे पदार्थ करून, चाखून पाहिला जातो आणि जे सांगायचे ते दोनतीन गोष्टींपुरतेच असते, ते रुजते. फळ्यावर जीवनसत्त्वांची बाराखडी लिहून झालेले भाषण रुजत नाही.

ज्येष्ठांच्या बाबतीत ही गाठ आणखी घट्ट असते. आजी आयुष्यभर सर्वांना वाढून शेवटी उरलेले जेवत आली. आता ती स्वयंपाकघरातून निवृत्त झाली, तरी तिच्या पानात काय पडायचे ते दुसरेच कोणी ठरवते. तिला एकटीला शिकवून काय होणार? शिकवायचे ते घराला.

पन्नाशीच्या पुढे

मॅकॅरिसन यांचे उंदीर जिथे थांबले त्याच्या पुढचा रस्ता संस्थेने हळूहळू धरला. मोतीबिंदूवर इथे बरेच काम झाले. त्यात हळदीतल्या करक्युमिनने उंदरांमधला मोतीबिंदू लांबतो, हेही दाखवले गेले. पण म्हातारपणाचा आहार म्हातारपणीच सुरू होत नाही, हे दाखवणारा संस्थेचा सर्वांत सुंदर अभ्यास हैदराबादजवळच्या खेड्यांतला आहे. १९८७ ते १९९० या काळात २९ गावे निवडली गेली. त्यांतल्या १५ गावांत गरोदर बायांना आणि लहान मुलांना एकात्मिक बालविकास योजनेचा जोडआहार मिळत होता, १४ गावांत योजना अजून पोचायची होती. ती मुले पंधरासोळा वर्षांची झाल्यावर पुन्हा शोधून काढली. जोडआहाराच्या गावांतली मुले सरासरी १४ मिलिमीटरने उंच भरली आणि मधुमेह-हृदयविकाराकडे नेणारी काही लक्षणे त्यांच्यात कमी होती. पुढे त्यांचे आईवडीलही या अभ्यासात आले. दीड सेंटिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण आईच्या पोटात असताना मिळालेल्या घासाचा हिशेब शरीर दीड दशकानंतरही जपून ठेवते, ही त्यातली खरी बातमी.

आज साठीपुढच्यांचे चित्र दुहेरी आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरात केलेल्या वृद्धत्वाच्या पाहणीत साठीपुढचे सुमारे २७ टक्के लोक कमी वजनाचे आढळले आणि दर पाचांतला एक जास्त वजनाचा. एकाच आळीत एक आजोबा खंगलेले आणि दुसरे सुटलेले. दोघांनाही ‘म्हातारपणी कमी खावे’ हाच सल्ला दिला तर एकाचे नुकसान ठरलेले.

शास्त्र काय सांगते ते साध्या शब्दांत असे. वय वाढले की हालचाल कमी होते, म्हणून उष्मांक कमी लागतात. पण प्रथिने, कॅल्शियम, जीवनसत्त्वे यांची गरज त्या प्रमाणात घटत नाही, काहींची वाढतेच. म्हणजे घास कमी, पण प्रत्येक घास अधिक भरीव हवा. आपल्याकडे नेमके उलटे होते. दात गेले की भाकरी सुटते, उसळ सुटते, शेंगदाणे सुटतात, फळ चावत नाही. उरतो मऊ भात, चहा आणि त्यात बुडवलेले बिस्कीट. पोट भरते, पण स्नायू झिजत जातात. मग एक दिवस न्हाणीघरात पाय घसरतो. तहान लागल्याची जाणीव मंदावते, म्हणून पाणी कमी प्यायले जाते आणि बद्धकोष्ठ सुरू होते. पोटातले आम्ल कमी झाल्याने ब१२ जीवनसत्त्व अन्नातून नीट शोषले जात नाही. शाकाहारी घरांत ते आधीच तुटपुंजे असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, तर ६७ टक्क्यांत ब१२ कमी निघाले. म्हातारपणाची गोष्ट अजून पुढेच होती. उन्हातून ड जीवनसत्त्व तयार करण्याची कातडीची ताकदही वयाबरोबर उतरते. त्यात आपले उपास. एकादशी, चतुर्थी, सोमवार धरणारी सत्तरीची आजी साबुदाणा खाते, तो जवळपास नुसता पिष्टमय पदार्थ. उपास सोडायला सांगून ती ऐकणार नाही. साबुदाण्याशेजारी वाटीभर दही, मूठभर दाण्याचे कूट आणि राजगिरा ठेवला तर मात्र ती नाही म्हणणार नाही. पोषणशिक्षण इथे, देवघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या उंबऱ्यावर, करावे लागते.

आपल्याच स्वयंपाकघरात यावर उपाय बसलेले आहेत : नाचणीची आंबील, मुगाचे घट्ट वरण, मेतकूट आणि तूप घातलेला भात, कुटलेले दाणे, शिजवून घोटलेली पालेभाजी, ताक, चालत असेल तर अंडे किंवा काटे काढलेला मासा. चावायला सोपे आणि तरी भरीव. नवे काही शोधायचे नाही. जे मुलाच्या वाटीत आपण काळजीने कुस्करतो ते आजीच्याही वाटीत कुस्करायचे.

सोळावा नियम

१९९८ मध्ये संस्थेने भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम पुस्तकरूपात काढली. आयक्रॉइड यांची पुस्तिका ‘कशात काय आहे’ सांगत होती, हे पुस्तक ‘काय खावे’ ते सांगू लागले. २०११ च्या आवृत्तीत पंधरा तत्त्वे होती. ज्येष्ठांच्या आहाराचे तत्त्व त्यांत पंधरावे, म्हणजे शेवटचे. ८ मे २०२४ रोजी नवी आवृत्ती आली. देशातल्या एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहारामुळे आहे, असा अंदाज तिच्यात दिला आहे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा, कारखान्यात फार प्रक्रिया झालेले पदार्थ कमी खा, प्रथिनांच्या डब्यांमागे लागू नका, असे तिने बजावले आहे. तत्त्वे आता सतरा झाली. ज्येष्ठांचे तत्त्व सोळावे आहे. त्याच्या खाली एकच उरले, वेष्टनावरचा मजकूर वाचून मगच खाद्यपदार्थ विकत घ्यावा हे. तो मजकूर इतका बारीक छापलेला असतो की ज्यांच्यासाठी सोळावे तत्त्व लिहिले, त्यांना सतरावे पाळायला भिंग लागते.

क्रमांकावरून महत्त्व ठरत नाही, हे खरे. गरोदर आई आणि तान्हे मूल यादीत वर असणारच, असावेतच. पण जी संस्था तांदळाच्या कोंड्यापासून निघाली, ज्वारीच्या भाकरीतून गेली, वाट्या घेऊन दहा राज्यांत फिरली, तिच्याकडे आज भारतातल्या म्हाताऱ्या माणसाच्या ताटाबद्दल पूर्वी कधी नव्हती इतकी माहिती आहे. बेरीबेरीच्या वेळी उपाय गिरणीच्या मागे पडला होता, आज तो पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर पडला आहे. मधले अंतर संस्थेने एकटीने कापायचे नाही.

२०११ च्या पुस्तकात ज्येष्ठांसाठी दिलेला सल्ला थोडक्यात असा आहे : रोज २०० ते ३०० मिलिलिटर दूध किंवा दुधाचे पदार्थ, ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे. अन्न मऊ शिजवलेले, मीठ-मसाला कमी. एकदम भरपूर खाण्याऐवजी थोडे थोडे, अधिक वेळा. पाणी पुरेसे. या ओळी कापून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवाव्यात, आणि आज रात्री घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या पानात काय वाढले ते एकदा त्यांच्याशी ताडून पाहावे.